हायब्रिड सेडान घ्यावी का? ग्वाल्हेर मेळ्याआधी ठरवायचं आहे

गोठकर (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. २०११ मध्ये घेतलेली डिझेल गाडी आता दमली. दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतं आणि मेकॅनिकच हात जोडून म्हणतो, साहेब, आता बदला.

माझी गरज सांगतो. घर चिटणीस की गोठमध्ये, जुना वाडा, गल्ली अरुंद. कामाला मालनपूरला जातो. बाड्यावरून फूलबाग, पडाव, गोला का मंदिर आणि मग भिंड रोड. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. त्यातला गोला का मंदिरपर्यंतचा टप्पा सकाळी मुंगीच्या पावलांनी सरकतो. पुढे रस्ता मोकळा.

सेडानच हवी, कारण बाबा. ७९ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेले. उंच गाडीत पाय वर उचलून चढणं त्यांना जमत नाही आणि छोट्या हॅचबॅकमध्ये खाली वाकून बसणंही नाही. लांबच्या प्रवासाला घडीची व्हीलचेअर बरोबर असते.

इलेक्ट्रिकचा विचार केला होता. पण गाडी वाड्यासमोर गल्लीत लागते, तिथे चार्जर बसवू देणार कोण? म्हणून हायब्रिड, पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. होंडा सिटीची हायब्रिड पाहून आलो, कोटेशन घेतलं. त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा ऑन-रोड पावणेचार लाख जास्त. कंपनी लिटरला २७ किलोमीटर सांगते. इथे पेट्रोल १०६ रुपयांच्या वर आहे, त्यामुळे तो आकडा वाचून मन ओढलं जातं. पण पावणेचार लाख खरोखर वसूल होतात का? ज्यांनी चालवली आहे त्यांनी कृपया मनापासून सांगा. आणि रोड टॅक्सच्या सवलतीसाठी ग्वाल्हेरच्या मेळ्यापर्यंत थांबू का?

---

राजवाडा०९ (इंदूर)

गोठकर दादा, माझ्याकडे हीच गाडी आहे, तीन वर्षं होत आली. ५१,००० किलोमीटर झाले. पेट्रोल भरल्यावर किलोमीटर वहीत लिहायची सवय वडिलांनी लावली होती, म्हणून पक्के आकडे देऊ शकतो.

शहरात, म्हणजे पलासिया, विजयनगर, एलआयजीचा चौक या पट्ट्यात, मला २१ ते २३ मिळतात. हिवाळ्यात वरचा आकडा, मे महिन्यात एसी पूर्ण लावून १९. हायवेवर शंभरच्या खाली चालवली की २१-२२ आणि एकशेवीसला दामटली की १७ वर येते. २७ मला कधी मिळाले नाहीत आणि त्याचं वाईटही वाटत नाही. ते प्रयोगशाळेतले आकडे असतात, सगळ्याच गाड्यांचे.

पण लक्षात घ्या, शहर आणि हायवे यांच्या आकड्यांत जवळपास फरकच नाही. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला शहरात ११-१२ आणि मोकळ्या रस्त्यावर १७-१८ मिळतात. म्हणजे हायब्रिडची सगळी कमाई गर्दीत. तुमचा गोला का मंदिरपर्यंतचा टप्पा जितका रखडेल तितका फायदा, भिंड रोडवर मात्र थोडाच.

चालवायला कशी आहे ते शब्दांत सांगणं कठीण. पहाटे साडेपाचला आईला स्टेशनवर सोडायला निघतो, तेव्हा गाडी गल्लीतून आवाज न करता बाहेर पडते. डॅशबोर्डवर हिरवा ईव्ही दिवा लागलेला असतो. शेजारचं कुत्रंही मान वर करत नाही. त्या शांततेची किंमत मला करता येत नाही, पण आहे.

---

पाना-पेंचिस (ग्वाल्हेर)

मी सव्वीस वर्षं गाड्यांच्या कामात आहे. विकणारी मंडळी "हायब्रिड" हा एकच शब्द सगळ्याला लावतात, म्हणून आधी ही गाडी चालते कशी ते सांगतो.

सिटीच्या हायब्रिडमध्ये १,४९८ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि दोन मोटरी आहेत. एक मोटर चाकं फिरवते. दुसरी इंजिनाला जोडलेली, ती वीज बनवते. नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. हळू वेगात बॅटरीच्या जोरावर मोटर गाडी ओढते, इंजिन बंद. जोर लागला की इंजिन सुरू होतं, पण तेव्हाही ते वीज बनवतं आणि गाडी ओढण्याचं काम मोटरच करते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने धावू लागलात की आतला क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, कारण तिथे तेच स्वस्त पडतं. ब्रेक लावला किंवा पाय काढला की चाकाची मोटर उलटं काम करून बॅटरी भरते. जी शक्ती साध्या गाडीत ब्रेकच्या पॅडवर घासून वाया जाते, ती इथे परत मिळते. राजवाडा दादांच्या वहीतलं कोडं इथे सुटतं. थांबा-निघा जितकं जास्त, तितकं परत मिळणारं जास्त.

स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत, पाय काढल्यावर मोटर गाडीला किती ओढून धरते, ते त्यांनी कमी-जास्त करता येतं. बाड्याच्या गर्दीत जास्तवर ठेवा, ब्रेकला पाय क्वचितच न्यावा लागेल.

बॅटरी छोटी असते, इलेक्ट्रिक गाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. म्हणून ती बाहेरून चार्ज करावी लागत नाही आणि म्हणूनच निव्वळ विजेवर गाडी एक-दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही. पुष्कळ लोक हे न समजता घेतात आणि मग विचारतात, इंजिन का सुरू झालं?

दुसरा प्रकार माईल्ड हायब्रिड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस नावाने आणला होता. त्यात अल्टरनेटरच्या जागी थोडी मोठी मोटर, पट्ट्यावर चालणारी. सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना थोडा हात देते. एकट्या विजेवर गाडी एक फूटही सरकत नाही. यंत्र वाईट नाही, पण ही वेगळी गोष्ट आहे.

---

मृणाल दा. (ग्वाल्हेर)

पाना-पेंचिस काका, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. गेल्या वर्षी माझ्या भावाला जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने सेडान दाखवली, "ताई, हायब्रिडच आहे, मागे लिहिलंय बघा" म्हणून. आम्ही दोघांनी पाटी पाहिली आणि विश्वास ठेवला. साठ हजार जास्त दिले. घरी आणल्यावर भाऊ रोज वाट पाहायचा, आता विजेवर चालेल, मग चालेल. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं की ही तशी गाडीच नाही. भाऊ महिनाभर कुणाशी बोलत नव्हता. जुनी घेणाऱ्यांनी हा एक प्रश्न जरूर विचारा: इंजिन बंद असताना गाडी चालते का? आणि चालवून दाखवायला लावा.

---

बडोदेकर (वडोदरा)

हिशेबाचं काम माझ्याकडे द्या, धंदाच तो आहे.

गोठकरांचं चालणं महिन्याला १,२५० किलोमीटर, वर्षाला १५,०००. तुमच्या मिश्र रस्त्यावर पेट्रोल ऑटोमॅटिकला सरासरी १३ धरतो, हायब्रिडला २१. पेट्रोल गाडीला १,१५४ लिटर लागतील, हायब्रिडला ७१४. बचत ४४० लिटर. साडेएकशेसहाच्या भावाने वर्षाला ४६,९०० रुपये. पावणेचार लाख वसूल व्हायला बरोबर आठ वर्षं.

आमच्याकडे पेट्रोल ९४-९५ आहे. तोच फरक, तीच गाडी, पण मला नऊ वर्षं लागतील. म्हणजे मध्य प्रदेशातला पेट्रोलचा महाग भाव हायब्रिडच्या बाजूने बोलतो, हे तुमच्याकडच्या लोकांना फारसं कुणी सांगत नाही.

आता न आवडणारी गोष्ट. याच खर्चाची तुलना छोट्या सेडानशी करून पाहा. नवी डिझायर चार मीटरच्या आत आणि १,२०० सीसीच्या आत असल्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सिटी त्या मापात बसत नाही, तिच्यावर ४० टक्के, हायब्रिड असली तरी. (आधी ४३ पडत होता, म्हणजे तीनच टक्के उतरला.) इलेक्ट्रिकवर फक्त ५. डिझायर तुमच्या रस्त्यावर १७ देईल असं धरा. हायब्रिडपेक्षा वर्षाला १६८ लिटर जास्त, म्हणजे अठरा हजार रुपये. दोन गाड्यांच्या किमतीत नऊ-दहा लाखांचा फरक. हा पेट्रोलमधून या जन्मात निघत नाही.

तेव्हा "पेट्रोल वाचवायला हायब्रिड" असं मनाशी म्हणत असाल तर आधी ठरवा की एवढ्या मोठ्या गाडीची गरज आहे का. ती असेल तरच पुढचा हिशेब.

---

गोठकर

बडोदेकर साहेब, मनापासून आभार. डिझायरही पाहिली, चांगली गाडी आहे. पण बाबा मागे बसले की गुडघा सरळ करायला जागा लागते. शोरूममध्ये ते पाच मिनिटं बसले आणि उतरताना माझा हात घट्ट धरला. बोलले काही नाहीत, मला समजलं. सिटीत ते आपण होऊन उतरले. मोठ्या गाडीची गरज आहे. प्रश्न त्यातल्या दोन प्रकारांचाच आहे.

---

मुरार छावणी (ग्वाल्हेर)

मेळ्याबद्दल मी सांगतो. वय ७१, लहानपणापासून एकही मेळा चुकलेला नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये हा सुरू केला तेव्हा गुरांचा बाजार भरायचा, आता रेसकोर्स रोडच्या मैदानावर लोक चावी हातात घेऊन फोटो काढतात.

मेळ्यात घेतलेल्या गाडीवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही सूट आपोआप नसते. दर वर्षी राज्य सरकार जाहीर करतं, आणि मेळा सुरू होऊन आठवडे गेल्यावर जाहीर झाल्याचंही मी पाहिलं आहे. तोपर्यंत बुकिंग करून लोक नोंदणी थांबवतात. दोन, गाडी मेळ्यात दुकान लावलेल्या डीलरकडूनच घ्यावी लागते आणि नोंदणी ग्वाल्हेर आरटीओची, एमपी ०७. तीन, शेवटच्या आठवड्यात आरटीओमध्ये इतकी गर्दी असते की कागद अडकतात. जाहीर झालं की पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या.

इंदूरच्या मंडळींसाठी: २०२४ पासून उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यातही अशीच सूट मिळू लागली आहे.

हायब्रिडबद्दल एक जुनी आठवण. २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड बाहेरून आणून साडेएकवीस लाखांना लावली होती. काही महिन्यांतच किंमत लाखांनी खाली आणावी लागली. मी तेव्हा दिल्लीला ती चालवली होती, फार आवडली, पण ऐपत नव्हती. टोयोटाची प्रियस २०१० मध्ये आली, तीही आयात केलेली, तीही श्रीमंतांपुरतीच. जपानमध्ये प्रियस १९९७ पासून रस्त्यावर होती. आपल्याकडे मध्यम वर्गाच्या हातात येईल अशी हायब्रिड सेडान यायला मे २०२२ उजाडला, आणि ती हीच सिटी, साडेएकोणीस लाखांना. मधली चौदा वर्षं निसटली याचं मला अजून वाईट वाटतं.

---

बडोदेकर

काका, मेळ्याच्या सवलतीबद्दल एक खुलासा, कारण इथे लोक हमखास चुकतात. "मेळ्यात टॅक्स अर्धा, म्हणजे हायब्रिड लाखभराने स्वस्त" असं म्हणतात. पण तुम्ही पेट्रोलची गाडी घेतली तरी तिचाही टॅक्स अर्धा होतो. त्यामुळे दोघींमधला फरक फार हलत नाही. दोन्ही गाड्यांच्या टॅक्समध्ये साधारण ३४ हजारांचं अंतर असेल तर त्याचे अर्धे, म्हणजे सतरा हजार, तेवढेच कमी. आठ वर्षांची साडेसात झाली इतकंच. मेळ्यापर्यंत जरूर थांबा, एक लाखाच्या आसपास पैसे खरे वाचतात. ते फक्त हायब्रिडच्या खात्यात लिहू नका.

---

राजवाडा०९

बडोदेकर, हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

---

सारिका प. (इंदूर)

मला बॅटरीची भीती वाटते. आठ वर्षांत पैसे वसूल होणार आणि बॅटरीची वॉरंटीही आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. गोठकरांचं चालणं पाहता किलोमीटर आधी संपणार नाहीत, वर्षंच संपतील. म्हणजे ज्या दिवशी गाडी कमवायला लागणार त्याच दिवशी संरक्षण जाणार! यावर कुणी बोलत का नाही?

---

पाना-पेंचिस

सारिकाताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. ही जोखीम खरी आहे, ती हिशेबात धराच.

पण बॅटरी मरते कशाने ते समजून घेतलं तर आयुष्य वाढवता येतं. पहिला शत्रू उष्णता, आणि आपल्या ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. या बॅटऱ्या पुष्कळ गाड्यांत पंख्याने थंड करतात आणि तो पंखा हवा ओढतो ती गाडीच्या आतली, थंड केलेली. म्हणून एसी हा बॅटरीचाही एसी आहे. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, एसी लावा, मग निघा. पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवून चालवणारे लोक मी पाहिले आहेत. दोन-चार रुपये वाचवतात आणि बॅटरी भाजतात.

दुसरं, हवा ओढायची ती जाळी. अशा गाड्यांत ती बहुतेक मागच्या सीटच्या आसपास असते. तुमच्या गाडीत कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. तिच्यावर पिशवी, चादर, उशी ठेवू नका. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत मागे कुत्रा बसायचा. जाळीतून मी चिमट्याने केसांचा बोळा ओढून काढला, लोकरीच्या गुंड्याएवढा. मालक सांगत होते की पंखा हल्ली फार ओरडतो. दर सर्व्हिसला ती जाळी समोर उभं राहून साफ करून घ्या. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे.

---

सुलभा मावशी (ग्वाल्हेर)

मी गाणं शिकवते, गाडीतलं तंत्र मला समजत नाही. पण आमच्या घरी गेल्या वर्षी हायब्रिड आली, सेडान नव्हे, उंच गाडी. एक अनुभव सांगावासा वाटतो.

आम्ही दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला तेवीस दिवस गेलो होतो. परत आलो तर गाडी उघडेचना. दाराचं बटण मेलेलं. आत एवढी मोठी बॅटरी असून गाडी मुकी कशी, मला कळेना. मेकॅनिक आला, त्याने सांगितलं की मोठी बॅटरी ठीक आहे, पण हिला साध्या गाडीसारखी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते, ती उतरली. ती जागी नसेल तर मोठीला कुणी हाकच मारू शकत नाही. दुसऱ्या बॅटरीवरून तारा लावल्या आणि दोन मिनिटांत सुरू झाली.

त्या दिवशी तानसेन समारोहाला जायचं होतं. दोन तानपुरे गवसणीत घालून दाराशी ठेवलेले, शिष्या साड्या नेसून तयार, आणि आम्ही अंगणात उभे. शेवटी टेम्पो केला. आता बाहेरगावी गेलो की शेजारच्या मुलाला सांगून जाते, आठवड्यातून एकदा अर्धा तास सुरू करून ठेव म्हणून. नुसतं बटण दाबून दिवे लावायचे नाहीत, "रेडी" असं लिहून आलं पाहिजे.

---

पाना-पेंचिस

मावशी, शंभर टक्के बरोबर. त्या मेकॅनिकने नीट समजावलं तुम्हाला. फक्त मुलाला सांगा, बंद शेडमध्ये सुरू करून ठेवू नको, मध्येच इंजिन चालू होतं, धूर साठतो.

---

मृणाल दा.

सामानाचं कुणी लिहिलंच नाही. गोठकर दादा, तुम्ही व्हीलचेअर म्हणालात. पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रिडची ३०६. दोनशे लिटर बॅटरीने खाल्ले. कोटेशनवर ही ओळ नसते. शोरूममध्ये डिकी उघडून नुसतं "ठीक आहे" म्हणू नका, खुर्ची बरोबर न्या आणि ठेवून पाहा. बाबांनाही न्या.

---

गोठकर

मृणालताई, तुमचं वाचलं नसतं तर फसलो असतो. काल खुर्ची घेऊन गेलो. विक्री करणारा मुलगा चांगला होता, त्याने स्वतः हात लावला.

डिकीचा तळ वर आलेला आहे, उभी जागा कमी. घडी केलेली खुर्ची उभी तर जातच नाही. आडवी घातली तर मोठं चाक झाकणाच्या काठाला अडकत होतं. मग पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खुर्ची उलटी केली, हँडल आतल्या बाजूला, आणि ती बसली. झाकण लागलं. वर एक मऊ पिशवी राहील. सुटकेस राहणार नाही. शेजारच्या पेट्रोल गाडीत हीच खुर्ची पट्ट्यांसकट गेली आणि दोन बॅगांची जागा उरली.

आम्ही चौघं कुठे गेलो तर बॅगा आईच्या पायाशी किंवा वर कॅरिअरवर. मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू.

नंतर चालवून पाहायला मिळाली. मी हट्टाने माझ्याच रस्त्यावर आणि माझ्याच वेळी मागितली, सकाळी साडेनऊला. पडावच्या पुलाखाली दहा मिनिटं अडकलो. इंजिन त्यातली सात मिनिटं बंद होतं आणि एसी थंड. मध्ये एकदा सुरू झालं तेव्हा मी दचकलो, कारण पाय ब्रेकवर आणि आवाज चढत होता. इंजिन आणि पाय यांचं नातं तुटलेलं आहे, सवय करावी लागेल. गोला का मंदिरला पोचलो तेव्हा पडद्यावर २३.४ होतं. पुढे भिंड रोडवर ऐंशीने गेलो, मालनपूरच्या अलीकडून वळलो, परत आलो तेव्हा २१.८.

---

राजवाडा०९

पडद्यावरच्या आकड्यातून एक-दीड वजा करा, पंपावरचा आकडा तसा निघतो. आणि आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे एक तृतीयांश शक्ती कमी, त्यामुळे प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरतंच. फक्त हायब्रिडचं नाही, म्हणून तुलनेत फरक पडत नाही, पण मनाची तयारी असू द्या.

तुमचे २०-२१ पकडून चाला. बडोदेकरांनी धरलेला आकडा बरोबर आहे.

---

सचिन कं. (वडोदरा)

मग हायरायडर किंवा ग्रँड व्हिटारा हायब्रिड का नाही? डिकीत त्यांचंही बॅटरीमुळे तेच दुखणं, पण गाडी उंच, खड्ड्यांना बरी.

---

गोठकर

सचिन भाऊ, उंचीच नको आहे. बाबांना सीट ढोपराच्या पातळीला लागते. मी टेप घेऊन मोजलं, घरातल्या त्यांच्या खुर्चीची उंची आणि गाड्यांच्या सीटची. सेडानमध्ये आणखी हायब्रिड म्हणजे कॅमरी, ती जवळपास पन्नास लाखांची. तिथे विषय संपतो.

---

गोठकर

महिनाभराने परत लिहितो आहे. उशीर मुद्दाम केला.

बडोदेकर साहेबांनी मी सांगितलेल्या १,२५० वर हिशेब केला होता. मी विचार केला, हा आकडा मी अंदाजाने दिला, मोजलेला नव्हता. म्हणून जुन्या गाडीचं रीडिंग एक तारखेला लिहिलं आणि तीस तारखेला परत. १,६१० निघाले. कामाचं जाणं-येणं धरलं होतं, पण बाबांची फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, आईचं माधवगंजला बहिणीकडे, एकदा आग्रा, हे मोजलंच नव्हतं. आणि हे जास्तीचं चालणं आग्रा सोडून सगळं शहरातलं, गर्दीतलं.

१,६०० च्या हिशेबाने वर्षाला ५६० लिटर, म्हणजे साठ हजार रुपये वाचतात. पावणेचार लाखांना सव्वासहा वर्षं. मेळ्याचं धरलं तर सहा. वॉरंटीच्या आत आलं. मागची गाडी मी चौदा वर्षं वापरली, हीही तितकीच वापरेन. सारिकाताईंची शंका पूर्ण मिटली नाही, म्हणून पहिल्या सहा वर्षांनंतर वाचणारे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलं आहे, बॅटरीसाठी.

डिकीचं मात्र काहीच उत्तर नाही. ते नुकसान आहे आणि ते आम्ही पत्करतो आहोत. बाबांशी बोललो, म्हटलं, बॅगा पायाशी ठेवाव्या लागतील. ते म्हणाले, "माझी खुर्ची येते ना? मग झालं. बॅगा कमी भरा."

बुकिंग केलं. टोकन देताना पावतीवर लिहून घेतलं की नोंदणी मेळ्याची सूट जाहीर झाल्यावर आणि सूट न झाल्यास टोकन परत. मुलगा आधी का-कू करत होता, मॅनेजरने सही केली.

---

मुरार छावणी

पावतीचं फार छान केलंत. त्या पावतीची झेरॉक्स घरीही ठेवा. आणि विमा बाहेरूनही विचारून पाहा, डीलरचाच घ्यायची सक्ती नसते.

---

सारिका प.

वेगळ्या खात्याची कल्पना आवडली, दादा. आता शांत वाटलं. पाना-पेंचिस काकांची जाळी विसरू नका.

---

मृणाल दा.

पायाच्या काढलेल्या पट्ट्यांना एक कापडी पिशवी शिवून घ्या, नाहीतर डिकीत खडखडतात आणि एखादी कुठेतरी राहून जाते. माझ्या आजीच्या खुर्चीची एक पट्टी दतियाला देवळाबाहेर राहिली ती राहिलीच. आणि मेळ्याची सूट जाहीर झाली की इथे तारीख टाका, माझा भाऊही थांबला आहे. या वेळी खरी हायब्रिड घेणार म्हणतो.